यंत्राचे मर्म कोणाच्या हाती?

१

१९९७-९८ या दोन वर्षांत आम्ही चार शिक्षक आणि काही विद्यार्थी तालुक्यातल्या गावोगावी हिंडून जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी उतरवून घेत होतो. कोणी १९५६ साली नागपूरला गेलेले, कोणी वसतिगृहासाठी दारोदार धान्य मागितलेले, कोणी १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंग पाहिलेले. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी सांगायचे, आम्ही वहीत उतरवायचे आणि जिल्ह्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून ते संगणकावर टाकून घ्यायचे, असा क्रम होता. चाळीस आठवणी झाल्या. पैसे सोळा आठवणींच्या पुस्तिकेपुरतेच जमले. उरलेल्या चोवीस फ्लॉप्यांवर राहिल्या. पुढे एका पावसाळ्यात वह्या भिजून त्यांचा लगदा झाला.

२०११ साली मी त्या फाइली नव्या संगणकावर उघडल्या. त्यांत मराठीचे एक अक्षर नव्हते. रोमन अक्षरे, टिंबे, चलनांच्या खुणा यांची खिचडी होती. सांगणारी माणसे तोवर एकेक करून गेली होती.

त्या काळी मराठी अक्षरांची सॉफ्टवेअरे विकणारी प्रत्येक कंपनी अक्षरांना आपल्या मर्जीचे क्रमांक देत असे. ‘क’चा क्रमांक एकीकडे एक, दुसरीकडे दुसरा. ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर आमच्या डीटीपीवाल्याकडे होते, ते संगणकाच्या पाठीला ‘लॉक’ लावल्याखेरीज चालत नसे. दुकान बंद पडले, लॉक हरवले. मी कंपनीला पत्र लिहिले, कोणत्या क्रमांकावर कोणते अक्षर आहे तेवढा तक्ता द्यावा. उत्तर आले, ते उत्पादन बंद झाले आहे आणि तक्ता ही कंपनीची व्यापारी मालमत्ता असल्याने देता येत नाही.

मी त्यांची आज्ञावली मागितली नव्हती. त्यांचा फॉन्ट फुकट मागितला नव्हता. आमचीच अक्षरे त्यांनी कोठे ठेवली, एवढेच विचारले होते. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. जो पाया रचतो आणि त्या पायावर इतरांना आपली कामे उभी करायला बोलावतो, त्याने पायाची किती माहिती इतरांना दिली पाहिजे? हा प्रश्न संगणकाच्या धंद्यात निदान साठ वर्षे लढवला जात आहे. त्याचा इतिहास शोधून वाचला आणि तो आपल्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

२

या इतिहासाची सुरुवात मी आयबीएमपासून करतो. ७ एप्रिल १९६४ रोजी या अमेरिकन कंपनीने ‘सिस्टीम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोवर एका नमुन्यासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या नमुन्यावर चालत नसे. आता लहान यंत्रावर लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरही चालावी, असा बेत होता. त्यासाठी कंपनीने ‘प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन’ नावाचे माहितीपुस्तक काढले. यंत्राला अमुक आज्ञा दिली असता नेमके काय घडते, हे त्यात सांगितले होते. ते घडवण्यासाठी आत तारा कशा जोडल्या आहेत, हे सांगितले नव्हते. आतली रचना तर मालिकेतल्या नमुन्यानमुन्यात वेगळी होती. बाहेरून दिसणारे वागणे मात्र एक होते.

हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा वाद त्यावरच फिरतो. यंत्राचा एक गाभा असतो आणि एक सांधा असतो. गाभा म्हणजे काम आत कसे होते ते. सांधा म्हणजे दुसऱ्याने आपले काम त्याला कोठे आणि कसे जोडायचे ते.

सांधा लेखी सांगितला की काय होते? या मालिकेच्या आराखड्यात ज्याचा मोठा वाटा होता तो जीन अमडाल १९७० साली आयबीएममधून बाहेर पडला, त्याने स्वतःची कंपनी काढली, आणि १९७५ साली तिचे पहिले यंत्र गिऱ्हाइकाकडे गेले. त्यावर आयबीएमसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या चालत होत्या. ज्याला आयबीएमचे यंत्र महाग पडत होते त्याला आपले सारे काम फेकून न देता दुसरे यंत्र घेता येऊ लागले.

मक्तेदाराला हे रुचणे शक्य नव्हते. २३ जून १९६९ रोजी आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकन सरकारने कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला होता, हे विसरता येत नाही. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा झाला आणि तो करणाऱ्या परक्या माणसाला आयबीएमच्या प्रणालीची माहिती लागू लागली. पण नेमक्या या काळात ती आवळली जाऊ लागली. पूर्वी गिऱ्हाइकाला अनेक आज्ञावल्यांचा मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमरने हाताने लिहिलेला वाचता येण्याजोगा पाठ, मिळत असे. १९८३ साली कंपनीने धोरण जाहीर केले की यापुढे फक्त यंत्राला कळणारे रूप मिळेल.

याला उत्तर युरोपातून आले. युरोपीय आयोगाने १९८० साली आयबीएमवर आरोपपत्र ठेवले होते. १९८४ साली तडजोड झाली. सिस्टीम/३७० मालिकेतले नवे उत्पादन जाहीर केल्यापासून चार महिन्यांच्या आत त्याच्या सांध्याची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचे आयबीएमने मान्य केले. आतला गाभा उघडा करा असे आयोग म्हणाला नाही. सांधा सांगा आणि वेळेवर सांगा, एवढेच तो म्हणाला.

आपल्या देशाला आयबीएमचा अनुभव वेगळ्या वाटेने आला. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी मालकी चाळीस टक्क्यांवर आणण्याची अट या कंपनीला मान्य झाली नाही आणि १९७८ साली ती भारतातून गेली. यंत्रे मात्र जागोजागी उभी होती. त्यांची देखभाल ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ या सरकारी कंपनीकडे आली आणि आयबीएममधली काही माणसे तिच्यात गेली. कारखानदार देश सोडून गेला तरी यंत्र चालू ठेवायचे, तर त्याची माहिती उरलेल्या माणसांच्या हाती असावी लागते. ती नसेल तर यंत्र आपल्या अंगणात असूनही दुसऱ्याचेच राहते.

३

दुसरी कथा एका शिक्षकाची आहे, आणि या पानांचे वाचक बहुसंख्येने शिकणारे-शिकवणारे असल्याने ती त्यांना जवळची वाटेल.

अमेरिकेतील टेलिफोन कंपनी एटी अँड टी हिच्या बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही कार्यप्रणाली सुरू केली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि आपल्या कामाच्या आज्ञावल्या यांच्यामधला कारभारी. १९५६ सालच्या एका न्यायालयीन समझोत्याने एटी अँड टीला टेलिफोनखेरीज अन्य धंदे करण्याची बंदी होती. युनिक्स विकून पैसा करता येत नव्हता. म्हणून ती विद्यापीठांना नाममात्र पैशात, मूळ मजकुरासह मिळत असे.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळीओळीने टीका लिहिली. जुन्या ग्रंथांवर टीका लिहितात तशी, पण हेतू नेमका उलटा. अर्थ अधिकाऱ्यांपुरता राखायचा नव्हता, कालच्या पोराला तो कळला पाहिजे होता. चालत्या कार्यप्रणालीचे पोट विद्यार्थ्याला असे उघडून दाखवणारे पुस्तक त्या काळी दुर्मिळ होते.

१९७९ साली सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात वर्गात मूळ मजकूर शिकवण्यावर बंदी आली. लायन्स यांचे पुस्तक उघडपणे मिळेनासे झाले. मग त्याच्या छायाप्रती निघू लागल्या, छायाप्रतींच्या छायाप्रती निघू लागल्या, आणि एक अख्खी पिढी ती पुसट पाने वाचून शिकली. पुस्तक राजरोस प्रसिद्ध व्हायला १९९६ साल उजाडावे लागले. लायन्स १९९८ साली वारले.

बंदीचे फळ काय मिळाले? अॅमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांपुढे विद्यार्थ्यांना दाखवायला कार्यप्रणालीच उरली नव्हती. त्यांनी स्वतःच एक लहान कार्यप्रणाली लिहून काढली, ‘मिनिक्स’, आणि १९८७ साली ती पुस्तकासह दिली. त्या पुस्तकावर शिकणाऱ्यांत हेलसिंकीचा एक विद्यार्थी होता, लिनस टोरव्हाल्ड्स. १९९१ साली त्याने ‘लिनक्स’ सुरू केली. आज जगातले असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन तिच्यावर चालतात. वर्गात दार लावले म्हणून विद्या थांबली नाही. दाराबाहेर नवे घर बांधले गेले. पण यातून ‘बंदी असली तरी बिघडत नाही’ असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्या हाती छायाप्रत पोचली ते शिकले. जिथे ती पोचली नाही तिथले किती जण शिकायचे राहिले, याची मोजदाद इतिहासात होत नाही.

४

तिसरी कथा आपल्या घरात आणि शाळेत आलेल्या लहान संगणकाची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. या धंद्यात ती उशिरा आली होती. तिला घाई होती आणि आपल्या यंत्रासाठी इतरांनी भराभर आज्ञावल्या लिहाव्यात, जोडण्या कराव्यात, अशी तिची गरज होती. म्हणून तिने जे तांत्रिक माहितीपुस्तक विकले, त्यात विद्युत्मंडलांच्या आकृत्या होत्या आणि ‘बायोस’ या पायाच्या आज्ञावलीचा संपूर्ण मूळ मजकूरही छापला होता. पैसे देणाऱ्या कोणालाही ते मिळे.

एवढे औदार्य पाहून कोणालाही वाटेल, हाच आदर्श. पण यात एक मेख होती. छापलेल्या मजकुरावर कॉपीराइट होता. तो ज्याने वाचला, त्याने पुढे स्वतःचा बायोस लिहिला तर ‘तू नक्कल केलीस’ असा दावा होऊ शकत होता. पुस्तक उघडे होते, पण वाचणाऱ्याचा हात बांधला जात होता.

यातून वाट निघाली ती अशी. एका गटाने मजकूर आणि यंत्र तपासून ‘हे काय काय करते’ एवढेच लिहून काढायचे. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ मजकूर डोळ्यांनीही पाहिलेला नाही, त्या टिपणावरून नवा बायोस लिहायचा. कॉम्पॅक कंपनीने १९८२ साली जाहीर केलेल्या आपल्या संगणकासाठी हा मार्ग धरला. फीनिक्स कंपनीने १९८४ साली असाच बायोस करून तो सर्वांना विकायला काढला. त्यानंतर जुळ्या संगणकांचा पूर आला, किमती उतरल्या आणि ते यंत्र आपल्याकडच्या टायपिंग क्लासपर्यंत आले.

आयबीएम पुढे काय शिकली? तिने १९८७ साली ‘पीएस/२’ मालिका आणली, तिच्या आतल्या जोडणीवर पेटंटे घेतली आणि परवान्याचे पैसे मागितले. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली स्वतंत्र जोडणी जाहीर केली. आयबीएमची जोडणी मागे पडली.

या तिन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक सूत्र दिसते. कंपनी दुबळी असते, नवखी असते, तिला इतरांच्या श्रमाची गरज असते, तेव्हा ती माहितीपुस्तक छापते. इतरांच्या श्रमावर ती मोठी झाली, की पुढच्या आवृत्तीत पाने कमी होतात. हे कोणा एका दुष्ट माणसाचे काम नाही. हितसंबंधांचे काम आहे. म्हणूनच माहिती किती द्यायची, हा निर्णय कंपनीच्या औदार्यावर सोडता येत नाही.

५

हे सूत्र मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. १९९० च्या दशकात टेबलावरच्या बहुतेक संगणकांत तिची ‘विंडोज’ आली. मायक्रोसॉफ्ट कार्यप्रणाली करीत होती आणि तिच्यावर चालणाऱ्या पत्रलेखनाच्या, हिशेबाच्या आज्ञावल्याही विकत होती. पाया तिचा, आणि पायावरच्या दुकानांत एक दुकानही तिचे. १९९२ साली ‘अनडॉक्युमेंटेड विंडोज’ हे पुस्तक निघाले. अँड्र्यू शूलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात दाखवून दिले की विंडोजमध्ये अशा पुष्कळ सोयी आहेत ज्यांचा उल्लेख प्रसिद्ध माहितीपुस्तकांत नाही, आणि त्यांतल्या काही मायक्रोसॉफ्टच्याच कामाच्या आज्ञावल्या वापरतात. घरच्या मुलाला एक पाटी आणि बाहेरच्याला दुसरी, असा हा प्रकार होता.

कचेरीत अनेक संगणक एका सामाईक संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेले असतात. फाइली ठेवणे, छपाई, कोणाला आत घ्यायचे याची नोंद ही कामे तो करतो. विंडोजचे संगणक सर्व्हरशी कोणत्या भाषेत बोलतात, ही माहिती सर्व्हर करणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांना हवी होती. सन कंपनीने १९९८ साली युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २४ मार्च २००४ रोजी आयोगाने निकाल दिला. टेबलावरच्या संगणकांच्या कार्यप्रणालीत नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा असलेल्या कंपनीने ही माहिती नाकारणे हा सत्तेचा गैरवापर ठरला. ४९.७२ कोटी युरो दंड झाला आणि १२० दिवसांत सांध्याची पूर्ण माहिती देण्याचा आदेश निघाला.

यानंतरची चार वर्षे मला सर्वांत बोधप्रद वाटतात. कंपनीने कागद दिले, पण त्यांवरून कोणाला काम करता येईना. आयोगाने नेमलेल्या देखरेख विश्वस्तानेच ते निरुपयोगी ठरवले. जानेवारी २००६ मध्ये कंपनी म्हणाली, आम्ही मूळ मजकूरच पाहायला देतो. वरवर पाहता हे मागितल्यापेक्षा जास्त होते. पण ढीगभर मूळ मजकूर म्हणजे सांध्याचे वर्णन नव्हे. जुलै २००६ मध्ये आणखी २८.०५ कोटी युरो दंड झाला. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपातील प्रथम न्यायालयाने मूळ निर्णय कायम केला. मग कंपनी नरमली. शेकडेवारीने स्वामित्वशुल्क मागणारी कंपनी एकदाच दहा हजार युरो घेऊन माहिती द्यायला तयार झाली. आधीच्या जबर शुल्काबद्दल २००८ साली तिला पुन्हा ८९.९ कोटींचा दंड झाला, तो २०१२ साली ८६ कोटींवर आला.

या सगळ्यात ‘सांबा’चा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल हा विद्यार्थी १९९१ च्या अखेरीपासून तारेवरून जाणारे संदेश पाहून ही भाषा उलगडू लागला होता. परक्या देशातल्या खाणावळीत बसावे, कोण काय बोलले की वाढपी काय आणतो हे पाहावे आणि भाषा शिकावी, अशी उपमा तो या कामाला देत असे. त्यातून सांबा हे फुकट वाटले जाणारे सॉफ्टवेअर उभे राहिले. जगभरच्या स्वयंसेवकांनी ते पंधरा वर्षे असे ऐकून ऐकून वाढवले. डिसेंबर २००७ मध्ये त्यांच्या वतीने एका संस्थेने दहा हजार युरो भरले आणि कागद मिळवले. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीस हजारांहून अधिक पाने सर्वांसाठी फुकट प्रसिद्ध केली. जी माहिती दिली तर धंदा बुडेल असे सांगितले जात होते ती प्रसिद्ध झाली, आणि कंपनी बुडाली नाही.

६

आता दुसऱ्या बाजूचे ऐकले पाहिजे. ती बाजू निव्वळ स्वार्थाची नाही.

सिस्टीम/३६० ची मोठी कार्यप्रणाली लिहिण्याच्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स होते. प्रत्येक प्रोग्रॅमरला सगळे माहीत असावे, असा त्यांचा आग्रह होता. कामाचे दप्तर सहा महिन्यांत पाच फूट जाड झाले. १९७२ साली डेव्हिड पारनास यांनी एक निबंध लिहून उलट मत मांडले. प्रत्येक भागाने आपले आतले निर्णय लपवावेत, बाहेर फक्त सांधा दाखवावा, म्हणजे आतला निर्णय उद्या बदलता येतो. ब्रुक्स यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात हे मत फेटाळले. वीस वर्षांनी, १९९५ च्या आवृत्तीत, पारनास बरोबर होते आणि आपण चुकलो, असे त्यांनी स्वतः लिहिले. अशी कबुली विद्वानांत विरळा.

हे पटण्यासारखे आहे. पायातली प्रत्येक वीट दाखवली की कोणीतरी त्या विटेला खुंटी ठोकतो. उद्या वीट बदलायची म्हटली तर त्याचे घर कोसळते. तेव्हा ‘सगळे उघडे करा’ ही घोषणा ऐकायला चांगली असली तरी तिने काम करणाऱ्याचे हित साधतेच असे नाही.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. फोनमध्ये यंत्राची माहिती असते आणि माणसाचीही असते : तो कोठे जातो, कोणाशी बोलतो. ही माहिती कंपनीने आज्ञावली लिहिणाऱ्यांना वाटायची नसते, कारण ती मुळात कंपनीची नव्हेच. ज्याची आहे त्यालाच विचारले पाहिजे. मोर्चाला कोण कोण आले याची यादी फोनमधून तिसऱ्याच्या हाती जाणे म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना मी सांगायला नको. पण या आक्षेपाचा आडोसाही केला जातो. युरोपच्या २०२२ सालच्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने मोठ्या कंपन्यांवर बंधन घातले की आपल्या उपकरणांना व सेवांना ज्या सोयी देता त्या इतरांनाही फुकट द्या. मार्च २०२५ मध्ये आयोगाने अॅपलला याचा तपशील ठरवून दिला. कंपनीने ग्राहकांच्या खाजगीपणाचे कारण पुढे करून न्यायालयात दाद मागितली. माझा प्रश्न एवढाच आहे. जी सोय धोक्याची आहे ती तुमच्या स्वतःच्या घड्याळाला कशी चालते? धोका खरा असेल तर तो नियमाने सांगा आणि नियम दोघांना सारखा लावा.

इतिहासातून मला तीन कसोट्या मिळतात. पहिली, पाया रचणाऱ्याने आपल्या घरच्या प्रोग्रॅमरला जो सांधा दाखवला तो बाहेरच्यालाही, त्याच वेळी दाखवावा. दुसरी, माहिती अशी द्यावी की तिच्यावरून काम उभे राहील. निरुपयोगी कागद किंवा मजकुराचा ढीग म्हणजे माहिती नव्हे. तिसरी, ती वाचण्याची किंमत आणि अट अशी नसावी की लहान माणूस दारातूनच परत जाईल, किंवा वाचल्याबद्दलच गुन्हेगार ठरेल. गाभा ज्याचा त्याचा राहिला तरी चालेल.

७

आता माझ्या चोवीस फाइलींकडे येतो. अक्षरांचे क्रमांक लपवण्याची वेळ का आली? १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धती प्रसिद्ध केली होती. ती गुप्त नव्हती. पण त्या वेळची विंडोज देवनागरीची जोडाक्षरे, वेलांट्या, रफार स्वतः जुळवत नसे. ती सोय मूळ प्रणालीत ‘विंडोज २०००’ पासून आली. तोवर प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवून वेळ निभावली. पायात आपल्या लिपीसाठी सांधा नव्हता, म्हणून वरच्या प्रत्येकाने स्वतःचा केला, आणि तो सांगण्याचे बंधन कोणावर नव्हते.

मी पुस्तिका आणि फाइली शेजारी ठेवल्या. सोळा आठवणी दोन्हीकडे होत्या. छापलेले अक्षर पाहायचे, फाइलीतली खूण पाहायची, तक्त्यात लिहायचे. आठ महिने संध्याकाळी हेच केले. पुढे कळले की हा मार्ग आपल्या कायद्यालाही मान्य आहे. १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये असे आले की आपली स्वतंत्र आज्ञावली दुसऱ्या आज्ञावल्यांशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी कायदेशीर धारकाने केलेली आवश्यक कृती हा भंग नव्हे. युरोपने असा अधिकार १९९१ सालीच दिला होता. अमेरिकेतही सेगा आणि अॅकोलेड यांच्या १९९२ च्या खटल्यात अपील न्यायालयाने हीच दिशा धरली. आपल्या महाविद्यालयांतून संगणक शिकणाऱ्या मुलांना हे कलम ठाऊक असावे. ‘उघडून पाहणे म्हणजे चोरी’ असे त्यांना सांगितले जाते, ते सरसकट खरे नाही.

पण कायदा शोधायची मुभा देतो, सांगायची सक्ती करीत नाही. ज्यांच्यापाशी पुस्तिका नाही त्यांनी कशाशी ताडून पाहायचे? नव्वदच्या दशकातली किती नियतकालिके, किती आत्मकथने, किती पत्रके अशा फ्लॉप्यांवर पडून असतील! ज्या कार्यकर्त्यांकडे आणि छापखान्यांकडे असे साहित्य असेल त्यांनी ते आजच तपासावे, छापील प्रत असल्यास जपावी आणि यापुढे सर्वांना ठाऊक असलेल्या ‘युनिकोड’ पद्धतीतच लिहावे. विकत घेताना विचारावे : उद्या तुमची कंपनी बंद पडली तर माझे लिहिलेले मला वाचता येईल काय?

चोवीस आठवणी आता वाचता येतात. दोन खुणांचा उलगडा अजून झालेला नाही, कारण त्या सोळा छापील आठवणींत कोठेच नाहीत. त्यांतली एक एका बाईच्या माहेरच्या गावाच्या नावात येते. वयाच्या तेराव्या वर्षी त्या गावच्या पाणवठ्यावर काय घडले, ते तिने चार पानांत सांगितले आहे. सारे वाचता येते. फक्त गावाचे नाव येत नाही. ते अक्षर कोणत्या क्रमांकावर ठेवले, हे लिहिलेला कागद कोणाच्या तरी कपाटात असेल.